कमलताईंची रोजची चूक

मित्रांनो, मी एक जुना संगणक आहे, झाशीत लक्ष्मी ताल या तलावाजवळच्या मराठी वाचनालयात खिडकीशी ठेवलेला. माझ्या पोटात एक नोंदवही आहे. कुणाच्या नावाने मला उघडलं, किती वाजता, पासवर्ड जमला की चुकला, कोणती फाइल पुसली, हे सगळं मी कुणी न सांगता तीत लिहितो. मला डोळे मात्र नाहीत, कानावर पडेल तेवढं ऐकू येतं. समोर कुणी न बोलता बसलं तर ते कोण हे कळत नाही, नाव तेवढं कळतं.

अकरा वर्षं ते नाव कमलताईंचं होतं. इथल्या जुन्या मराठी घराण्यांच्या वंशावळी त्यांनी पिवळ्या कागदांवरून एकेक करून माझ्यात उतरवल्या. सागर-ग्वाल्हेरहून लोक पणजोबांचं नाव शोधत यायचे, तेव्हा ताईंबरोबर माझंही कौतुक व्हायचं. ताईंच्या बोटाला जुनी दुखापत होती. त्यामुळे पहिल्या खेपेला त्यांचा पासवर्ड हमखास चुकायचा. "हात्तिच्या!" म्हणत त्या पुन्हा टाकायच्या. रोज सकाळी माझ्या वहीत दोन ओळी पडायच्या: चुकला, मग जमला. मला त्या दोन ओळींचा फार लळा होता.

ताईंना कुणाला नाही म्हणता यायचं नाही. "भैया, मेरे ही नाम से खोल लो," असं त्या येईल त्याला सांगायच्या. पासवर्डची चिठ्ठी टेबलाच्या काचेखालीच होती.

एका दुपारी कुणीतरी एक शब्दही न बोलता ताईंच्या नावाने आत आलं. पासवर्ड पहिल्याच फटक्यात जमला, ताईंचा कधी जमत नसे तसा. चुकून म्हणा की माझ्यात जागा करायला म्हणा, त्या माणसाने सगळ्या वंशावळी पुसल्या. ते पिवळे कागद तोवर फाटून गेले होते, दुसरी प्रत कुठेच नव्हती.

अध्यक्ष विश्वंभरजींनी माझी वही उघडवली. पण जमलेल्या ओळी तेवढ्या छापून घेतल्या. चुकलेल्या ओळींना कोण विचारतो? कागदावर त्या दुपारी एकच नाव होतं.

"पासवर्ड तो सबको मालूम था, विश्वंभरजी," ताई म्हणाल्या. "माझंच अकरा वर्षांचं काम मी कशाला पुसेन हो?"

"नाव तुमचं आहे, कमलताई. मशीन खोटं बोलत नाही. उद्यापासून येऊ नका."

खोटं मी बोललो नव्हतो, मित्रांनो, पण माझं अर्धंच ऐकलं होतं. जीव तुटत होता, आणि विचारल्याशिवाय मला बोलता येत नाही.

राहिलेलं काम समजावून द्यायला ताई शेवटच्या माझ्यासमोर बसल्या. विश्वंभरजी मागेच उभे होते. पासवर्ड चुकला.

"इतक्या वर्षांत एवढंही जमत नाही?" ते वैतागून म्हणाले.

ताई निर्दोष असल्याचा पुरावा विश्वंभरजींच्या डोळ्यांदेखत घडला, आणि त्यांनी तो असा वाचला. ताईंनी पुन्हा पासवर्ड टाकला. त्या दिवशी त्या "हात्तिच्या" म्हणाल्या नाहीत.

म्हणून सांगतो, आपला पासवर्ड कुणाला देऊ नका, त्याच्याबरोबर आपलं नावही जातं. आणि कुणावर ठपका ठेवण्याआधी वही पूर्ण वाचा. माझ्या वहीत जागा मोजकीच आहे. नवी ओळ आली की सगळ्यांत जुनी पुसली जाते. ताईंच्या ओळी रोज थोड्या थोड्या गेल्या. आता शेवटच्या दिवसाची एकच जोडी उरली आहे: चुकला, मग जमला. ती जाण्याआधी कुणीतरी वाचा हो.