ड्रेस्डेनचा दुसरा अर्थ

शब्दकोशाच्या प्रुफात ‘ड्रेस्डेन’पुढे फक्त ‘जर्मनीतलं शहर’ एवढंच होतं. नऊ वर्षं त्या कोशाची प्रुफं वाचणाऱ्या माझ्या सातवी शिकलेल्या आईनं समासात लिहिलं, ‘इंग्रजीत चिनी मातीची नाजूक भांडीही.’

संपादक खवळले. “बाई, तुम्ही काना-मात्रा बघा. अर्थ आम्ही बघू.”

“मग बघा की!” आईनं खुणा घातलेले तीन ग्रंथ पुढे सरकवले.

साहेबांनी ते चाळून दुरुस्ती मान्य केली. “पण कोशात तुमचं नाव येणार नाही हं.”

“भांडी घडवली शेजारच्या मायसेन गावानं आणि नाव झालं ड्रेस्डेनचं. इथं तसं चालायचं नाही, साहेब.”

आईनं त्यांच्यासमोरच पहिल्या पानाच्या प्रुफावर स्वतःचं नाव लिहिलं. खोडायची त्यांची हिंमत झाली नाही. कोश घरी आहे, येऊन बघा.