मैनेचा डावा पाय

“अठ्ठावन्न ठोके!” डॉ. योगिनीने कानातल्या नळ्या काढल्या. “तेही सहा मिनिटांत. काका, तुमची मैना पास!”

उंद्रीच्या माळावर जमलेल्यांनी टाळ्या वाजवल्या. सहदेवच्या अंगावर मूठभर मांस चढलं. चार वर्षांपूर्वी हीच घोडी वरातवाल्याने लंगडते म्हणून चिखली रस्त्याला सोडून दिली होती. जनावरांच्या दवाखान्यात चौतीस वर्षं परिचर राहून निवृत्त झालेल्या सहदेवने तिला घरी आणलं, तेव्हा ‘म्हातारपणी वरातीमागून घोडं’ म्हणत गाव खिदळलं होतं.

आता चाळीस किलोमीटरच्या शर्यतीसाठी त्याच्या लेकीला, धम्मशीलाला, दोन घोड्यांतून एक निवडून द्यायचा होता. दुसरा तुफान, तुळशीरामभाऊंच्या तबेल्यातला, लांब पल्ल्यासाठीच पैदास केलेला. तालुक्यात धम्मशीलासारखी मांड दुसऱ्या कुणाची नव्हती, म्हणून भाऊंनी तो स्वतःहून देऊ केला होता.

या शर्यतीत नुसतं आधी पोचून भागत नाही. पोचल्यावर घोड्याचे ठोके मिनिटाला चौसष्टापर्यंत उतरावे लागतात, वेळ तिथवर मोजतात, आणि पाय लंगडला की घोडा बाद. आज दोघांनी वीस-वीस किलोमीटर मारले. तुफान आधी आला खरा, पण गलक्याने बिथरून चौदा मिनिटं धापा टाकत राहिला. मैनेने आयुष्यभर बँड आणि फटाकेच ऐकलेले. ती गर्दीत खुशाल उभी राहिली.

“बाबा, आता इचार कायचा? मैनाच!” धम्मशीला म्हणाली.

सहदेव मैनेच्या पुढच्या पायांशी उकिडवा बसला. हाताची मागची बाजू तिच्या पायावरून हळूहळू खाली आणली. आधी उजवा, मग डावा, पुन्हा उजवा. डाव्याच्या मागच्या शिरेवर बोटभर जागा कोमट लागली.

“मॅडम, इथं पाहा बरं.”

योगिनीने चाचपलं, मैनेला थोडं पळवूनही पाहिलं. “लंगडत तर नाही, काका. माझ्या हाताला काही लागत नाही.”

“आज नाही लागनार. पस्तिसाव्या किलोमीटरले लागंल. तवा लय उशीर झाला राह्यते.”

चौतीस वर्षं त्याचं काम जनावर धरण्याचं. मत डॉक्टरांनी द्यायचं. आज मात्र सगळे त्याच्याच तोंडाकडे पाहत होते. तो गप्प राहिला असता तर कुणाला कळलंही नसतं. टाकून दिलेली घोडी काय करते, ते त्याला अख्ख्या जिल्ह्याला दाखवायचं होतं. फार दाखवायचं होतं.

“शीला, तू तुफान घे.”

“काऊन बाबा? लोकं काय म्हनतील?”

“लोकायच्या म्हनन्यानं तिचा पाय थंडा होत नाही, माय.”

तुळशीरामभाऊ मिशीत हसले. “शेवटी खानदानच कामी येते, सहदेवभाऊ.”

सहदेव उठला. “खानदान नाही, भाऊ. पाय. हा पाय साजरा असता ना, तं तुमच्या तुफानाले तिनं धूळ चारली असती.” आवाज चढला नव्हता, पण भाऊंचं हसू मिशीतच राहिलं. “आन् त्याले गलक्यात उभं राहाचं शिकवाचं अशीन, तं आठ दिस मैनेजवळ आनून बांधा. थे शिकवंल त्याले.”

भाऊंनी दुसऱ्याच दिवशी तुफान आणून बांधला.

शर्यतीच्या सकाळी खोगीर बाहेर निघालं, तशी मैना पुढे आली आणि लगामासाठी तिने आपणहून मान खाली घातली. सहदेव तिच्यासमोरूनच खोगीर घेऊन गेला आणि ते तुफानच्या पाठीवर चढवलं. त्याला वाईट वाटत होतं. पट्टा आवळताना त्याने मागे वळून पाहिलं नाही.

लेक आणि तुफान गाडीतून गेले. सहदेव मैनेपाशी थांबला. शेजारच्या पुंजाजीने कुंपणावरून हाक दिली, “काऊन बे, मैनाले नाही नेलं? नापास झाली काय?”

“पास झाली. पह्यली आली,” सहदेव म्हणाला. “म्या ठेवली.”

आणि बादलीतलं गार पाणी तो तिच्या डाव्या पायावर ओतू लागला.