लंबूची हाक

हरणाऱ्याने भर चौकात, सलूनच्या खुर्चीवर उभं राहून, तीनदा कोंबड्यासारखं आरवायचं, असं ठरलं. मी हरेन असं माझ्या स्वप्नातही नव्हतं, त्यामुळे आरवायची आयडिया माझीच.

खोडी सलूनवाल्याने काढली. माझं पंक्चर काढायचं दुकान आणि त्याचं सलून भिंतीला भिंत लावून. दुपारी गिऱ्हाईक नसलं की दोघंही बाहेर बसून येणाऱ्याजाणाऱ्याची टर उडवतो. त्या दिवशी मी आमच्या जुन्या घरमालकाची नक्कल केली, बिडी तोंडात धरून भाडं मागायचा तशी. समोर कॉलेजची दोन पोरं उभी होती. ती नुसती बघत राहिली.

"नकल्या, कुणाला दाखवतोयस?" सलूनवाला म्हणाला. "यांच्या जन्माआधी खपला तो. तुझा सगळा माल मेलेल्यांचा. आणि खरं सांगू? आता तो पण जमत नाही तुला."

"जमत नाही? मला?"

"घसा बसलाय तुझा. मान्य कर."

आता हे कोण ऐकून घेणार! या गल्लीत मी नळवाल्याच्या आवाजात ओरडून अख्ख्या बिल्डिंगला बादल्या घेऊन पळवलंय. सलूनवाल्याच्या सासऱ्याच्या आवाजात त्यालाच फोनवर झापलंय, आणि हा बहाद्दर उभा राहून "हो हो" करत होता.

"चल, पैज," मी म्हणालो. "लंबूच्या आवाजात हाक मारतो. वहिनी वरून किल्ली टाकते की नाही बघ."

सलूनवाल्याने वरच्या खिडकीकडे बघितलं. मग म्हणाला, "लंबूवर नको रे."

पण माझा हुकमी एक्का तोच होता. लंबू म्हणजे नंबरप्लेट रंगवणारा, माझा लंगोटीयार. आमच्या दुकानांच्या वरच, दुसऱ्या मजल्यावर राहायचा आणि घराची किल्ली रोज विसरायचा. संध्याकाळी खाली उभा राहून ओरडायचा, "अगं ए, टाक गं!" मग वहिनी जुन्या मोज्यात किल्ली घालून खिडकीतून टाकायची. लंबू गेला तेव्हा त्याचा आवाज कुठेच भरून ठेवलेला नव्हता. फोनला तो हात लावायचा नाही. पहिलं वर्षभर वहिनी स्वतःच म्हणायची, "भावजी, एकदा मारा ना हाक." मी मारायचो. ती डोळे मिटून ऐकायची, मग पडदे शिवायला बसायची. पुढे तिने सांगणं सोडलं, मीही मारणं सोडलं. मला वाटायचं, काय बिघडतंय? आवाज घशात आहेच की. हवा तेव्हा काढू.

मी खिडकीखाली गेलो. मान तिरकी केली, लंबू करायचा तशी. दम घेतला.

"अगं ए, टाक गं!"

शिवणयंत्र थांबलं. मी सलूनवाल्याला डोळा मारला. खिडकीत वहिनी आली, चष्मा कपाळावर.

"काय हो भावजी, काय टाकू?"

सलूनवाला खो खो हसला. मी हाताने त्याला थांबवलं. पहिली हाक घसा साफ करायला असते. या वेळी आवाज नाकात घेतला, शेवटचा "गं" लांबवला.

"अगं एऽ, टाक गंऽऽ!"

वहिनी कौतुकाने ऐकत होती. "कुणाचा काढताय?"

"ओळखा."

"तुमच्या वडिलांचा ना? ते असेच खोकल्यासारखं बोलायचे."

मागे सलूनवाल्याचं हसू बंद झालं.

"लंबूचा, वहिनी."

तिने चष्मा डोळ्यांवर घेतला आणि माझ्याकडे बघितलं. मी अजून मान तिरकीच धरून उभा होतो.

"यांचा? नाही हो. यांचा असा नव्हता."

"मग कसा होता? सांगा, लगेच काढतो."

तिने सांगायला तोंड उघडलं. ओठ हलले. पुन्हा हलले. खाली रिक्षा गेली, एक सायकल गेली.

"आठवत नाहीये," ती म्हणाली. "पण हा नाही." मग जरा थांबून, "तुमच्याकडे आहे म्हणून मी निर्धास्त होते."

मी उभ्याउभ्या बाकीचे आवाज चाचपून पाहिले. हळू आवाजात, तोंडातल्या तोंडात. घरमालक, नळवाला, माझी आई. सगळे एकाच आवाजात बोलत होते. जरा खरखरीत, जरा दमलेला. तो माझा होता. कधीपासून हे चाललंय, कळायला मार्ग नव्हता. मला कोण सांगणार? ते खरे आवाज ऐकलेली माणसंच उरली नव्हती.

सलूनवाल्याने खांद्यावर हात टाकला. "राहू दे रे. चहा पाज आणि विषय संपव."

"का? तू हरला असतास तर तुला सोडला असता का मी?"

मीच खुर्ची ओढत चौकात आणली. गल्ली जमली. मी वर चढलो, छाती काढली आणि आरवलो. अस्सा कडक आला की गॅलऱ्यांतून लोक डोकावले. पोरांनी टाळ्या पिटल्या, "काका, एकदम ओरिजिनल!" म्हणाली. मी दुसऱ्यांदा आरवलो.

वर खिडकी लागल्याचा आवाज आला. मी वर बघितलं नाही. तिसरा राहिला होता, तोही दिला.