अंगातला राजा

उत्तर थायलंडात लांपांगकडच्या एका गावात सेंगलाच्या अंगात जुन्या काळचा राजा यायचा. सकाळपासून कडक उपास धरला की दुपारी तिला दरदरून घाम फुटे, आवाज पुरुषासारखा घोगरा होई आणि हरवलेल्या म्हशीपासून मोडलेल्या लग्नापर्यंत राजा निवाडे देई. तोंडात ताडगुळाचं पाणी ओतलं की स्वारी परते. इन्तोंग तिचा घरजावई. त्याच्यावर राजाचा भारी राग. भर मांडवात त्याला पालथं पाडून राजा त्याच्या पाठीला पाय पुसायचा. लोक हात जोडायचे. शुद्धीवर आल्यावर सेंगलाला काही आठवत नसे, पण ऐकून बरं वाटे. खोटं कशाला बोला!

एकदा गुळपाणी पाजूनही ती उठली नाही. इन्तोंगनंच तिला चियांग माईच्या इस्पितळात नेलं. स्वादुपिंडावर चिंचोक्याएवढी दुर्मीळ गाठ निघाली. ती नको तेवढं इन्सुलिन सोडते, उपाशीपोटी रक्तातली साखर पार उतरते, म्हणून माणूस भ्रमिष्टासारखं बोलतो, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या.

"पोट फाडायचं नाही. चार भोकं पाडून दुर्बिणीनं काढू. पुन्हा कधी असं होणार नाही."

"मला नाही काढायची," सेंगला म्हणाली.

"का हो आई?" इन्तोंगनं गरीब गाईसारखं विचारलं. "आपला राजा काय गाठीत राहतो? खरा असेल तर येईलच की."

सेंगलानं सही केली.

उन्हाळ्यात मांडव उभा राहिला, ढोल वाजले. सेंगला पहाटेपासून उपाशी होती. घाम नाही, भोवळ नाही. नुसती भूक लागली, चारचौघांना लागते तशी. गाव ताटकळलं होतं. शेवटी ती आपली आपणच घुमू लागली आणि घसा खरवडून ओरडली, "जावयाला आणा!"

इन्तोंग आपणहून आला. पालथा न पडता तिच्या कानाशी वाकला.

"आई, डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगू गावाला? नको ना? मग मी सांगतो तसं बोला."

त्यानं कुजबुजलेलं तिनं घोगऱ्या आवाजात जसंच्या तसं गावाला सांगितलं, "आजपासून या घरात आधी जावई जेवेल. त्याचं पोट भरेस्तोवर सासूनं घास घ्यायचा नाही."

"आज्ञा, महाराज!" गावानं हात जोडले.

चिकट भाताची टोपली इन्तोंगपुढं आली. बोटांनी एकेक घास वळत तो सावकाश जेवू लागला. सेंगलाच्या तोंडाला पाणी सुटलं होतं. टोपली रिकामी झाली तसा तो बायकोला म्हणाला, "अगं, आणखी आण. आज भूक चांगली लागलीये."