दुसरी रेघ

मेकॅनिकने चिमट्याने इंजिनातल्या तेलाच्या जाळीतून एक करडा धागा ओढला. तो रबरासारखा ताणला गेला आणि तटकन सुटून बाहेर आला. फडक्यावर तसे चार तुकडे आधीच पडले होते.

"हे बघा, सिलिकॉन. जाळी पार बुजली. तेल वर चढणार कुठून? कोरडं फिरून फिरून शेवटी इंजिन जाम झालं."

नवरा वाकून पाहत राहिला. ती मुलीला कडेवर घेऊन दोन पावलं मागे उभी होती.

"मी एकच रेघ मारली होती," तो म्हणाला. "पातळ. काडीएवढी."

"मग हे काय आतल्या आत उगवलं? अहो साहेब, कव्हर आवळलं की जास्तीचं दोन्हीकडून निघतं. बाहेरचं पुसता येतं, आतलं कोण पुसणार? दात घासायची ट्यूब होती का ती?"

बाकावरचं एक गिऱ्हाईक हसलं. नवराही हसला, जरा उशिराने.

महिन्यापूर्वी दुचाकीचं बटण दाबलं की स्टार्टर नुसता घरघरायचा, इंजिन ढिम्म हलायचं नाही. त्याने चार दिवस व्हिडिओ पाहिले, घराच्या बोळातच गाडी उघडली आणि स्टार्टर क्लचचे झिजलेले रोलर स्वतः बदलले. कव्हरमधून तेल तर आधीपासूनच गळायचं. त्याच बोळात मुलगी रांगायची. एकदा तिचा तळवा काळा दिसला, आणि ओठही. त्या दिवसापासून तिची आई फरशी पुसायची, पुन्हा पुसायची, वाकून वास घ्यायची.

गळती थांबवायला कव्हरच्या कडेने सिलिकॉनची रेघ मारून तो फोन घ्यायला आत गेला, तेव्हा तिने ती रेघ निरखून पाहिली. एवढ्याशाने काय थांबणार? तिने ट्यूब उचलली आणि त्याच रेघेवरून दुसरी फिरवली, जखमेवर मलम लावतात तशी, सढळ हाताने. तो फोन खांद्याशी दाबून, बोलत बोलतच परत आला आणि त्याने कव्हर बसवलं.

पहिल्याच बटणाला गाडी सुरू झाली. त्याने रात्रभर खाली पांढरा कागद ठेवला आणि सकाळी तो शेजाऱ्यांपर्यंत मिरवला. "एक थेंब नाही!"

"बोअर, पिस्टन, सगळं बघावं लागेल," मेकॅनिक हात पुसत म्हणाला. "बारा-पंधरा दिवस धरा."

माल पोचवायचं काम नवऱ्याचं. गाडी नाही तर काम नाही. त्याने तिथूनच मालकाला फोन लावला. "नाही नाही, गाडीचा दोष नाही. माझंच चुकलं."

"अरे, ऐक ना," ती म्हणाली.

तो वळला.

"ताई, पोरीला सांभाळा, खाली सगळं तेल आहे," मेकॅनिक म्हणाला. ती मागे सरली. तोवर मालक पलीकडून काहीतरी बोलायला लागला होता आणि नवरा मान हलवत होता.

घरापर्यंत ते चालत आले. वळणावर तिने वाक्य जुळवलं, बोळात पुन्हा जुळवलं. दार उघडताना ते अगदी साधं झालं होतं, तीन शब्दांचं.

मुलीला सर्दी होती, औषधाची वेळ झाली होती. पाच थेंब मोजायचं काम नेहमी त्याचं. सहावा पडेल या धास्तीने ती स्वतः ड्रॉपरला हात लावायची नाही. त्याने बाटली उघडली, ड्रॉपर भरून उजेडात धरला. थोडा वेळ तसाच धरून ठेवला. मग तिच्या हातात दिला.

"तूच घाल. माझा हात जड आहे."

"तसं नाही रे..."

"घाल गं. उगीच जास्त जायचं."

मुलीने तोंड उघडलं. तिने एकेक थेंब सोडला. तो शेजारी उभा राहून ओठांतल्या ओठांत मोजत होता.

"पाच. बरोबर," तो म्हणाला. "बघ, तुला जमतं."