दोनशे वारांवरचं डुक्कर

गिरधरचं तोंड पाहिलं की माझी तळपायाची आग मस्तकात जाते. आणि बंदूक तपासली त्या दिवशी तर तो शेतात माझ्यासमोर खाटेवर बसून पान चघळत होता. माझ्या मेव्हण्याला, सुकलालला, त्यानं गोळी घातली त्याला महिनाही झाला नव्हता. सुकलाल त्याचा धाकटा चुलतभाऊ. डोईफोडिया गावच्या नाल्याकाठी दोघांची शेतं लागून. खरं म्हणजे आजोबाचं एकच शेत, आणि सुकलालनं वाटणीचा दावा बऱ्हाणपूरच्या कोर्टात लावला होता. दावा लागला पोळ्याच्या सुमारास, गोळी लागली मार्गशीर्षात. ह्याला योगायोग म्हणणारा एक तर मूर्ख असतो, नाहीतर गिरधरच्या घरचं जेवलेला असतो.

फौजदार जेवलेला होता. त्यानं कागदावर अपघात लिहून टाकला.

गिरधरची जबानी अशी: संध्याकाळी मी राखणीच्या माळ्यावर बसलो होतो. केळीत शिरायला बांधावर डुक्कर आलं. दुर्बिणीतून नेम धरला तो डुकरावर. सुकलाल, माझ्याकडून पाहता, डुकराच्या उजव्या अंगाला दोन हातांवर तुरीत वाकलेला होता, तो मला दिसला नाही. दुर्बीण बिघडलेली, गोळी उजवीकडे ओढते, म्हणून ती त्याला लागली. आणि बघा, मी लपवाछपवी केली नाही, दुसऱ्या दिवशी सकाळी मीच बंदूक ठाण्यावर आणून जमा केली. फौजदारानं तिला सील ठोकलं ते अजून तसंच होतं.

बंदूक म्हणजे साधी ठासणीची नव्हे. राजेरजवाडे विलीन होऊन तीन वर्षं झाली होती. त्यांच्या शिकारखान्यातल्या रायफली मिळेल त्याला विकल्या गेल्या, त्यातली एक गिरधरनं आणली, वर जर्मन दुर्बीण बसवलेली. गावात येईल त्याला तो ती दाखवायचा. हत्तीवरून साखर वाटावी तसा तोरा.

माझी बहीण मालूबाई दर बाजारच्या दिवशी ठाण्याच्या पायरीवर जाऊन बसायची. बोलायची नाही, रडायची नाही, उठवलं तरी उठायची नाही. शेवटी तहसीलच्या साहेबांच्या कानावर गेलं आणि त्यांनी हुकूम काढला: सील पंचांसमोर फोडा आणि त्याच जागी त्याच बंदुकीनं गोळ्या झाडून बघा. गोळी उजवीकडे गेली तर अपघात, कागद बंद. म्हणजे मालूनं आणि तिच्या लेकीनं जन्मभर दोन्ही घरांच्या त्या एकाच अंगणात, नवऱ्याच्या मारेकऱ्याच्या नजरेखाली भाकरी थापायची. मला रात्रंदिवस तेवढंच दिसत होतं.

तपासायला साहेबांनी बोलावले विनायकराव, बऱ्हाणपूरच्या सिंधीपुऱ्यातले. पूर्वी एका संस्थानच्या शिकारखान्यात बंदुका बघायचे. संस्थान गेलं तशी नोकरीही गेली. ते आले ते गिरधरच्या दमणीत बसून! माझं डोकंच फिरलं. मी सर्वांसमोर विचारलं, गाडीभाड्यात निकालाचे पैसे धरलेत की वेगळे? म्हातारा खाली उतरला, धोतर झटकलं आणि म्हणाला, बस चुकली होती, तुम्ही गाडी पाठवली असतीत तर तुमच्या गाडीत बसलो असतो. गिरधर हसला. त्याचं हसणं मला चाबकासारखं लागलं.

विनायकरावांनी आधी जबानी वाचायला लावली. डुक्कर दुर्बिणीत केवढं दिसलं होतं, हेही गिरधरनं लिहून दिलेलं होतं. त्या दुर्बिणीत तारांच्या आडव्या दोन जाड दांड्या असतात, मध्ये फट, आणि खालून एक टोकदार दांडी. टोक निशाणावर ठेवायचं, फटीनं अंतर मोजायचं, बाजूच्या स्क्रूनं तारा डावीउजवीकडे सरकवायच्या. शंभर वारांवर त्या फटीत पाऊण वाराहून थोडी कमी इतकी रुंदी बसते. गिरधर म्हणत होता, डुक्कर आडवं उभं होतं आणि फटीत शेपटापासून तोंडापर्यंत नेमकं मावलं. पक्कं डुक्कर दीड वाराच्या आतबाहेर, म्हणजे अंतर दोनशे वार. कोतवालानं दोरीनं मोजलं, माळ्यापासून बांधापर्यंत तितकंच भरलं. मी दात ओठ खात उभा. चोर खोटं बोलताना मापं खरी देतो, म्हणून तर त्याचं खोटं पचतं.

बांधामागं नाल्याची उंच दरड होती. तिच्यापुढं चुन्यानं पांढऱ्या केलेल्या तट्ट्या रांगेनं उभ्या केल्या, मधोमध कोळशानं डुक्कर काढलं. मग गिरधर उठून गेला आणि डुकराच्या उजव्या अंगाला दोन हातांवर स्वतःच्या हातानं वेळू रोवून आला. सुकलाल इथं होता म्हणाला. मालू माझ्या मागं उभी होती. तिनं त्या वेळूकडे पाहिलं आणि माझा दंड इतका घट्ट धरला की नखं रुतली.

पंचांसमोर सील फोडल्यावर विनायकरावांनी दुर्बीण धरणारे खटके उघडून ती काढली आणि वाळूच्या पोत्यावर नळी टेकवून नळीच्या टोकावरच्या नुसत्या माशीनं नेम धरून दोन बार काढले. दोन्ही डुकराच्या पोटात. नळी सरळ आहे, म्हणाले. मग दुर्बीण परत बसवली, बैठकीचे स्क्रू एकेक आवळून पाहिले. एकही ढिला नव्हता. भिंगं हुंगल्यासारखी जवळ धरून पाहिली. पाणी शिरलेलं नव्हतं. डोळा लावून बराच वेळ बघत राहिले.

मी म्हणालो, मलाही बघू द्या. साहेब हो म्हणाले. मी डोळा लावला. गोल काचेत तारा मधोमध नव्हत्या. डोळ्यांना स्वच्छ दिसावं इतक्या उजव्या कडेला सरकल्या होत्या.

गिरधर मागून म्हणाला, "दिसलं ना, दगाभाऊ? मी का झूट बोलून राहिलो होतो?"

मला वाटलं संपलं. तारा उजवीकडे, गोळी उजवीकडे, माझा मेव्हणा उजवीकडे. मालूला काय सांगायचं ते सुचेना. वाटलं काठी उचलावी आणि गिरधरचं टाळकं फोडावं, मग मला फाशी झाली तरी चालेल. कदाचित फोडलंही असतं, पण विनायकराव पोत्यामागं आडवे झाले होते आणि साहेबांनी सगळ्यांना गप्प राहायला सांगितलं.

पहिला बार. कोतवाल धावला, आणि हातातली झेंडी हलवली ती डुकराच्या डाव्या अंगाला. मला वाटलं त्याला डावंउजवं कळत नाही. दुसरा बार, पुन्हा डावीकडे. तिसराही तिकडेच. तिन्ही भोकं पांढऱ्या तट्टीवर एका पंजात मावतील अशी, डुकरापासून दोन हातांवर. वेळूकडे एकही नाही.

साहेबांनी विचारलं, असं कसं? विनायकराव उठून बसले. म्हणाले, "तारा उजवीकडे सरकल्या, तर त्या निशाणावर आणायला अख्खी बंदूक डावीकडे वळवावी लागते. गोळी नळीतून जाते साहेब, तारांतून जात नाही. ही बंदूक अशी असताना यांनी डुकरावर नेम धरला असता, तर गोळी सुकलालपासून लांबच गेली असती."

मला समजायला क्षण लागला. गिरधरला तेवढाही लागला नाही. तो खाटेवरून उठला, पानाची पिंक धोतरावर सांडली तरी त्याचं लक्ष नव्हतं. तो विनायकरावांवर धावून गेला, म्हणाला म्हातारा लबाड आहे, ह्यानं बसवतानाच गडबड केली.

"असं होईलच कसं?" तो ओरडला. "बाजूचा स्क्रू मी उजव्याच अंगाला फिरवला होता. तारा उजवीकडे गेल्या ते मी डोळ्यानं पाह्यलं."

गोळी सुटल्यापासून ठाण्यावर येईपर्यंत बंदूक अख्खी रात्र त्याच्याच घरी होती. साहेबांनी कारकुनाकडे पाहिलं. कारकुनाचा टाक थांबला होता, तो पुन्हा चालू झाला.

आमच्यात सून जेठाशी, नवऱ्याच्या थोरल्या भावाशी, बोलत नाही. जेठ समोर आला की पदर हनुवटीपर्यंत येतो आणि निरोप द्यायचा तो पोराबाळांच्या तोंडी. अकरा वर्षं मालू त्या घरात होती आणि गिरधरनं तिचा आवाज ऐकला नव्हता. ती माझ्या मागून पुढे आली. मी अडवायला हात केला तो तिनं बाजूला केला. त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि पदर मागे टाकला.

"कवा फिरवला स्क्रू?" तिनं विचारलं. "त्याहीले मारायच्या पयले, का मंग?"

गिरधरनं मान खाली घातली. साहेब त्याला म्हणाले, बाईंना उत्तर द्या.