कोटाची पाठ

धाकटी नात पहिलीत गेली आणि तिच्याबरोबर मीही अक्षरं शिकलो, त्या वर्षातली ही गोष्ट. मी तेव्हा चौसष्ट वर्षांचा होतो. आकडे मला आधीपासून येत. छाती अडतीस, बाही तेवीस, एवढ्यावर चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवले. गिऱ्हाइकं मला मास्तर म्हणत आणि घरचे हसत.

घरात बाकी सगळे लिहिणारे. वडील पाठकोऱ्या कागदांवर गोष्टी लिहीत, दादा बँकेत कारकुनी करता करता कविता करायचा आणि आमची ताई कथा लिहायची. सुनेने ठरवलं, हे सगळं एका पुस्तकात बांधायचं, घरापुरत्या वीस प्रती. पत्र्याच्या पेटीतले कागद काढून ती संध्याकाळी टाइप करत बसायची.

एक दिवस ती म्हणाली, "बाबा, आत्या नाही म्हणतायत."

"कशाला?"

"पुस्तकाला. म्हणाल्या, त्याच्या कवितांशेजारी माझी एक ओळही नको."

तो म्हणजे दादा.

ताईने छत्रीची कथा लिहिली त्याला एकोणतीस वर्षं झाली होती. एक बाई उसनी आणलेली छत्री परत करायला निघते आणि दर वेळी ते घर बंद असतं, अशी ती कथा. माझ्या दुकानात कापड ज्या तपकिरी कागदात गुंडाळून यायचं, त्याच कागदावर ताई लिहायची. लिहून झालं की दादाला वाचायला द्यायची आणि तो दुपारच्या सुट्टीत माझ्या दुकानात बसून वाचायचा. या कथेचा शेवटचा कागद मात्र परत आला नाही. दादा म्हणाला, सगळे दिले. ताई म्हणाली, जळतो माझ्यावर, फाडला असेल. दुसरी प्रत नव्हती. पुढे अठरा वर्षं दोघं एकमेकांशी बोलले नाहीत. मग दादा गेला. ताई त्या दिवशी दारापर्यंत आली आणि चप्पल न काढताच मागे फिरली.

सुनेशी हे बोलणं झालं, त्याच महिन्यात मी दुकान आवरायला काढलं. गुडघे संपले होते. भिंतीवरच्या खिळ्यांना कापायचे कागदी नमुने टांगलेले होते, बाह्यांचे, खिशांचे, कॉलरचे. कोटाच्या पाठीचा नमुना सगळ्यांत जुना, कडा मऊ पडलेला. त्याच्या कोऱ्या बाजूवर माझी मापं होती, म्हणून लिहिलेली बाजू कायम भिंतीकडे. खाली उतरवताना तो उलटा झाला. त्या वर्षी मी दुकानांच्या पाट्यासुद्धा वाचत सुटलो होतो. सवयीने पहिला शब्द लावला. छत्री.

मी स्टुलावर बसलो ते बराच वेळ उठलो नाही. ज्यावर लिहिलं, तो कागद वापरून झाला, असं मी समजायचो. एक बाजू भरलेला जाड कागद म्हणजे नमुन्याला उत्तम. दादा वाचून कापायच्या टेबलावर ठेवून गेला असणार आणि मी कात्री चालवली. एवढं भांडण झालं, पण मला कुणी विचारलं नव्हतं. वाचता न येणाऱ्याला कागदाबद्दल कोण विचारतं?

"पेटीत सापडला म्हणून सांगायचं का?" सून म्हणाली. "आत्या फार आजारी आहेत. उगाच चिडतील."

"चिडू दे. इतकी वर्षं भलत्याच माणसावर चिडली."

ताईला श्वास पुरत नव्हता. पाठीला उशा लावून बसली होती.

"काय मास्तर, माप घ्यायला आलास का? अजून थोडा वेळ आहे."

मी नमुना तिच्या मांडीवर ठेवला आणि सगळं सांगून टाकलं. ती कागदाच्या कडा चाचपत राहिली.

"किती कोट कापलेस याच्यावर?"

"मोजले नाहीत. निम्म्या गावाचे असतील."

"चला, माझं लिहिलेलं कुणाच्या तरी अंगाला बसलं." मग म्हणाली, "वाच. मला दिसत नाही."

"मी अडखळतो गं."

"मला कुठली गाडी गाठायचीय?"

मी वाचलं. गळ्याच्या गोलाईत पहिल्या दोन ओळी गेल्या होत्या. बाई सातव्यांदा जाते, कडी वाजवते, दार उघडतं. आतून कुणीतरी म्हणतं, आणि तिथेच बाहीसाठी कापलेलं होतं.

"काय म्हणतं?" मी विचारलं.

ताईने डोळे मिटले. "आठवत नाही रे."

"बघ ना आठवून. सून लिहून घेईल."

"मला वाटायचं, काय झकास शेवट होता. नुसतं दारच उघडलंय की." तिला धाप लागली. "तेवढी जागा कोरी सोडायला सांग तिला."

मी कागदाची घडी घालायला लागलो.

"त्याने शपथ घेऊन सांगितलं होतं मला. मी म्हटलं, खोटारड्या."

"चूक माझी आहे, ताई."

"तुझी तर आहेच, गाढवा. पण बोलणं मी टाकलं." तिने पाणी मागितलं, दोन घोट घेतले. "त्याच्या कविता आधी घ्या. लगेच माझी कथा. मध्ये कुणाला घालू नका."

सुनेने तसंच केलं. दादाच्या शेवटच्या कवितेसमोरच्या पानावर छत्रीची कथा सुरू होते आणि तिच्या शेवटी दीड ओळ कोरी आहे.

दादा गेला त्याला तेव्हा अकरा वर्षं झाली होती. ताई त्याच वर्षी नोव्हेंबरच्या सोळा तारखेला सकाळी सात वाजता गेली. पुस्तकं बांधून आली ती पंचवीस तारखेला.